खिशातलं पातं

सात सेंटिमीटर. रोज खिशात ठेवायच्या चाकूचं पातं उदगीरसारख्या गावात याहून लांब असायची गरज नाही. हा आकडा मी कुठल्या व्हिडिओतून उचललेला नाही. वर्षभर तीन घडीचे चाकू आळीपाळीने खिशात ठेवले, कशाकशाला वापरले ते फोनमधल्या एका शीटमध्ये लिहीत गेलो, त्यातून तो निघाला. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला कशाचाही लॉग ठेवायची सवय असते आणि घरचे त्याला रिकामा उद्योग म्हणतात. दोन्ही खरं आहे.

इंटरनेटवर या छंदाला ‘ईडीसी’ म्हणतात, म्हणजे एव्हरीडे कॅरी. घराबाहेर पडताना जवळ काय काय असतं ते लाकडी टेबलावर मांडायचं आणि वरून फोटो काढायचा. पाकीट, घड्याळ, टॉर्च, पेन, आणि मधोमध चाकू. चाकूच्या रिव्ह्यूचा साचाही ठरलेला असतो. पोलाद कोणतं, लॉक कसलं, एका हाताने उघडतो का, खिशाला अडकवायची क्लिप कशी, वजन किती. मग तो माणूस कागद कापून दाखवतो, दोर कापून दाखवतो आणि शेवटी एखाद्या ओंडक्यावर पात्याची परीक्षा घेतो. माझ्या वर्षभराच्या नोंदीत ओंडका एकदाही आलेला नाही.

जे आलं ते असं. सगळ्यात जास्त वेळा कुरिअरच्या खोक्यांचा टेप. त्याखालोखाल सुतळी, सोयाबीनची आणि तुरीची पोती मोंढ्यावर न्यायच्या दिवसांत दर पाच मिनिटांनी कुणीतरी ‘चाकू दे रे’ म्हणतं. मग ठिबकची नळी. सोळा एमएमची नळी फुटली की फुटका तुकडा काढून जॉइनर बसवायचा असतो, आणि काप सरळ आला नाही तर तिथून पाणी गळत राहतं. जाड पात्याने नळी आधी चेपते, मग फाटते. याशिवाय वायरीचं आवरण, औषधाच्या बाटलीचं सील, पेरू. खताच्या गोणीची शिवण नोंदीत नाही, कारण वडील बरोबर टोकाचा दोरा पकडून ती एका झटक्यात उसवतात आणि मी चाकू काढला की माझ्याकडे दयेने बघतात. दुधाची पिशवीही नाही. आईचं म्हणणं, खिशातला चाकू कशाकशाला लावलेला असतो, तो स्वयंपाकघरात आणायचा नाही.

आणि एकदा दावं. शेजारच्या शेतात एक कालवड दाव्यात पाय गुंतून पडली होती आणि मानेला फास बसत चालला होता. एका हाताने तिची मान धरून दुसऱ्या हाताने चाकू उघडावा लागला. चाकू एका हाताने उघडता आला पाहिजे, हे व्हिडिओवाल्यांचं म्हणणं वर्षात त्या एका दिवशी पटलं. बाकीच्या दिवशी माझे दोन्ही हात मोकळेच होते.

तीन चाकूंपैकी पहिला होता काळा. चिनी बनावटीचा, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, क्लिप, आणि आत लायनर लॉक. दुसरा माळेगावच्या जत्रेत घेतलेला, प्लास्टिकच्या मुठीचा, नुसत्या स्प्रिंगवर उघडा राहणारा. तिसरा लाल, स्विस, स्क्रूड्रायव्हर आणि चिमट्यासकट. दावं कापलं ते काळ्याने.

धारेचं हत्यार जवळ बाळगणं आपल्याकडे काही नवीन नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांची चंची आठवून बघा. कापडी, गुंडाळायची, कप्प्याकप्प्यांची. एकात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू, चुन्याची डबी आणि अडकित्ता. टेबलावर मांडून वरून फोटो काढला तर कुठल्याही ईडीसीवाल्याने लाइक करावं असं सामान. हमालाच्या हातात आकडा, गुराख्याच्या खांद्यावर कुऱ्हाड. सोयाबीन काढायच्या दिवसांत सकाळी टमटममध्ये दहा-बारा बायका असतात आणि तेवढेच विळे असतात, आणि शेजारी बसणारा माणूस फक्त जरा सरकून बसतो.

पोलादाचा भाग रिव्ह्यूमध्ये सगळ्यात लांबतो. एम३९०, एस३०व्ही अशी नावं येतात. धातूची पूड करून, दाबून, तापवून केलेली ही पोलादं आहेत आणि त्यांची धार खरोखर जास्त टिकते. पण जी धार सहज जात नाही ती गेल्यावर सहज परतही येत नाही. अशा पोलादाला हिऱ्याच्या कणांचे दगड लागतात. माझ्याकडे आहे चिनीमातीचा कप. कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची खरखरीत कड असते, तिच्यावर पातं वीसेक अंशात धरून दहा-बारा वेळा ओढायचं. स्विस चाकूचं पोलाद रॉकवेल मापावर ५६ च्या आसपासचं, म्हणजे या छंदातल्या लोकांच्या मते मऊच. पण त्याला त्या कपावर पाच मिनिटांत धार येते, आणि मला पाच मिनिटं आहेत. शिवाय त्याचं पातं पातळ आहे, दोन मिलिमीटरच्या आसपास. ठिबकच्या नळीचा काप सरळ येतो तो पोलादाच्या नावामुळे येत नाही, पात्याच्या जाडीमुळे येतो. काळ्या चाकूचं पातं जाडजूड आणि रुबाबदार होतं आणि नळी चेपत होतं. माझ्या शीटमध्ये पोलादाच्या नावाचा एक रकाना होता, तो मी दुसऱ्या महिन्यात काढून टाकला.

तरी पोलादाबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आज आपण परदेशी पोलादांची नावं पाठ करतो. पण ज्या पोलादावर युरोपातल्या शास्त्रज्ञांनी पिढ्यान् पिढ्या डोकं खपवलं ते वूट्झ पोलाद इथून फार लांब होत नव्हतं. नांदेडची हद्द ओलांडली की निजामाबाद जिल्हा, आणि तिथलं कोनासमुद्रम् हे त्याचं एक मोठं केंद्र होतं. मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवायचं आणि अगदी सावकाश थंड होऊ द्यायचं. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असायचा. इराणचे व्यापारी तिथे येऊन माल घेऊन जात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री व्हॉयसी नावाचा इंग्रज डॉक्टर, जो भूगर्भशास्त्रज्ञही होता, तिथे गेला आणि ही पद्धत लिहून ठेवली. ज्या तलवारींना जग दमास्कसच्या म्हणतं त्यांतल्या कित्येकांचं लोखंड दख्खनचं होतं.

आता आमच्याकडे चांगलं पोलाद म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेले घिसाडी त्यातून विळे, कोयते, कुऱ्हाडी काढतात. भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आलाय, बाकी मांडणी तीच. सांडशीत लालबुंद लोखंड धरून नवरा ऐरणीशी बसलेला आणि समोर उभी राहून घण मारणारी बहुतेकदा बायको. रंग बघून पाणी देतात. मी मटेरियल सायन्सच्या पेपरला ज्या तक्त्यावरून तापमानं पाठ केली होती, ती या लोकांना डोळ्याने दिसतात.

त्यांतल्या एकाला मी मोबाइलवर फोटो दाखवला. “मामा, असा घडीचा करून मिळंल का?”

त्यांनी बोटांनी फोटो मोठा करून बघितला. खिळीची जागा बघितली, स्प्रिंग कुठे आहे ते विचारलं. “हुतंय की. पर घडीचं कशाला पायजे? विळा कोन घडी घालून खिशात ठिवतंय का?” मग लोखंड परत निखाऱ्यात सारत म्हणाले, “घडी म्हंजे लपवायचं काम दादा.”

त्यांच्या पालापुढे सगळा माल गोणपाटावर उघडा मांडलेला होता. तिथे उभं राहून वाद घालावा असं वाटलं नाही. पण घडीची बाजूही सांगायला हवी. म्यान नको, पातं आपलंच आपल्या मुठीत झाकलं जातं, खिसा फाटत नाही, मांडीला टोचत नाही. घडीच्या चाकूत सगळं इंजिनिअरिंग त्या एका खिळीभोवती असतं. साध्या प्रकारात पाठीला एक पट्टीची स्प्रिंग असते आणि तिच्या ताणावर पातं उघडं राहतं. उलटा जोर दिला की मिटतं. बोट मध्ये असेल तर बोटावर मिटतं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली एक पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी टेकते, मग ती बाजूला केल्याशिवाय पातं हलत नाही. हे सुरक्षित आहे यात शंका नाही. जत्रेतल्या चाकूची खीळ तीन आठवड्यांत ढिली झाली आणि पातं डावी-उजवीकडे डुलायला लागलं, तेव्हा मी तो शेतातल्या खोलीत ठेवून दिला. आता त्याने कांदे कापतात.

लॉकचा एक त्रास रिव्ह्यूत येत नाही. त्याचा आवाज होतो. काळा चाकू उघडला की ‘खट्’ होतं. मराठीत त्यासाठी शब्दच आहे, खटक्याचा चाकू, आणि तो शब्द उच्चारला की समोरच्याच्या डोक्यात सिनेमा सुरू होतो. रामपुरी, ‘वक्त’मधला राज कुमार, अंधारी गल्ली. खुद्द रामपूरमध्ये पात्याच्या लांबीवर बंधनं आल्यावर कारागीर कमी कमी होत गेले. पुढे २०२३ मध्ये त्याच शहरात एका चौकात वीस फुटांचा चाकू उभारून त्या चौकाला चाकू चौक नाव दिलं. बनवणाऱ्यांची संख्या घटली आणि पुतळा उभा राहिला, हे आपल्याकडे पुष्कळ गोष्टींचं होतं.

मोंढ्यावर एकदा मी सुतळी कापायला काळा चाकू उघडला. त्या ‘खट्’बरोबर शेजारच्या काट्यावरची दोन माणसं वळली. एक ओळखीचे काका म्हणाले, “काय करूलालास रे? भाई झालास का?” हसूनच म्हणाले. पण बाजूला हमालांच्या हातात लखलखते आकडे होते आणि त्यांना कुणी भाई म्हणत नव्हतं.

तिथून मी कायदा वाचायला लागलो. वकील नाही, पण डॉक्युमेंटेशन वाचायची सवय आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्र म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत धारदार शस्त्रांच्या वर्गात चाकू येतात ते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, आणि त्यातूनही घरगुती, शेती, वैज्ञानिक, औद्योगिक कामाचे बाहेर. माझं सात सेंटिमीटर म्हणजे पावणेतीन इंच. मी निर्धास्त झालो.

मग महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ उघडला. त्यातल्या कलम ३७(१) खालचे मनाई आदेश आपण सगळ्यांनी पेपरात वाचलेले असतात. लातूर काय, नांदेड काय, सण आले, निवडणुका आल्या, आंदोलन तापलं की निघतात. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या किंवा लाठ्या, आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू. यात इंच नाहीत. कोणतीही वस्तू म्हणजे माझा स्क्रूड्रायव्हर आणि आईचा वरवंटासुद्धा. पुढे कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या उद्देशाने घातक हत्यार घेऊन कुणी आढळला तर त्याच्यासाठी. तिथे मोजायचा आहे उद्देश, आणि तो मोजणार रस्त्यावर उभा असलेला माणूस, टॉर्चच्या उजेडात, समोरच्याचा चेहरा बघून.

अर्थात या कायद्यांची गरजच नाही असं म्हणायला मी इथे बसलेलो नाही. चौकात डीजे लावून तलवारीने केक कापणाऱ्या भाऊ-दादांचे व्हिडिओ आपल्या फोनवरही येतात, आणि दोन दिवसांनी शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हा दाखल झाल्याची बातमीही येते. केक कापायला तलवार हे साधन म्हणून किती वाईट आहे, यावर मी वेगळा रिव्ह्यू लिहू शकतो. पुण्यातलं कोयत्याचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नाही. कोयता गँग हा शब्द रूढ झाला, आणि २०२३ च्या सुरुवातीला तर कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्यावं असं दुकानदारांना सांगितल्याच्या बातम्या आल्या. भीती खरी होती. रात्री रूमवर परतताना आम्हीही गल्ली बघूनच गाडी घालायचो. पण मराठवाड्यातून आलेल्या माणसाला कोयता म्हटलं की आधी ऊसतोड आठवते. तिथे कोयता हे मजुरांचं मोजमाप आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. ज्या हत्याराने एका जोडप्याची हंगामभराची मोजणी होते, ते विकत घ्यायला आधार कार्ड.

आता माझ्या मित्राबद्दल. तो इथे सीसीटीव्ही आणि सोलरची कामं करतो. मी दिवसाला दोन खोकी उघडतो, तो दिवसभर वायरी सोलतो, केबल-टाय कापतो, पाइपाला खाचा करतो. चाकूची खरी गरज त्याला आहे. आम्ही शाळेपासून बरोबर आहोत. लाल चाकू आल्यावर काळा माझ्याकडे पडून होता, म्हणून मी तो त्याला द्यायला गेलो. चांगला आहे, लॉक आहे, शिडीवर एका हाताने उघडता येईल, असा सगळा रिव्ह्यू ऐकवला.

त्याने हातात घेतला, उघडला, मिटला, परत दिला. “नक्को रे.”

(हा ‘नक्को’ दखनीचा. मराठीतून तिकडे गेला आणि दोन ‘क’ घेऊन बसला.)

“का?”

“तुझ्या खिशात निघाला तर लोक विचारतील, कुठून घेतला, केवढ्याला बसला. माझ्या खिशात निघाला तर विचारतील, कशाला घेतला.”

तो मुसलमान आहे. एवढा वेळ ते सांगायची गरज पडली नव्हती, आता पडली.

मी त्याला नऊ इंच, दोन इंच, शेती आणि औद्योगिक वापर हे सगळं सांगितलं. तो हसला. “रात्री अकराला रोडवर उभं राहून तू त्यांना २०१६ चे नियम सांगणार का?” मग त्याने एका रात्रीची गोष्ट सांगितली. बाहेरगावचं काम उरकून येताना नाकाबंदीत त्याची टूलबॅग रस्त्यावर रिकामी केली होती. पक्कड, टेस्टर, क्रिम्पर, कटर एकेक करून. ज्यांच्याकडे काम केलं त्यांना फोन लावून द्यावा लागला आणि त्यांनी झोपेतून उठून होय म्हटल्यावर सोडलं. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, हे त्याने दोनदा सांगितलं. वीस मिनिटांचंच काम होतं म्हणाला. पण त्या बॅगेत हा काळा असता तर वीस मिनिटांत उरकलं नसतं.

त्याने फोनवर एक बातमी उघडून दाखवली. कुठल्या तरी गावची होती, धारदार शस्त्रासह एक ताब्यात. फोटोत टेबल, टेबलावर पाकीट, मोबाइल आणि मधोमध घडीचा चाकू. फोटो वरून काढलेला. मी वर्षभर जे ईडीसीचे फोटो बघत होतो त्यांचाच कोन.

मला राग आला होता, पण कुणावर ते ठरत नव्हतं. त्याला आला नव्हता. तो मला एखाद्या गावचा रस्ता समजावून सांगावा तसं समजावत होता, इथून वळ, तिथे खड्डा आहे. एवढ्या वर्षांत आम्ही एकाच गल्लीतून फिरलो आणि त्याच्या डोक्यात तिचा वेगळा नकाशा होता.

इथे पात्यांना आठवणी आहेत, हेही खोटं नाही. १९४८ च्या आधी रझाकारांनी काय केलं ते आमच्या घरांत सांगतात. पोलीस ॲक्शननंतर काय झालं ते त्यांच्या घरांत सांगतात, किंवा सांगत नाहीत. सुंदरलाल समितीच्या अहवालात सगळ्यात जास्त होरपळलेले म्हणून चार जिल्हे नोंदवलेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं. त्या काळात वापरलेली हत्यारं काही खास घडवून आणलेली नसणार. घरात जे होतं तेच असणार, विळे, कोयते, कुऱ्हाडी, ट्रकच्या पाट्याआधीच्या लोखंडाची.

याच भागात पातं उघडपणे आणि मानाने बाळगलं जातं अशीही जागा आहे. नांदेडला हुजूर साहिबच्या आसपासच्या दुकानांत कृपाणी रांगेने टांगलेल्या असतात, लहान मुलाच्या गळ्यात बसेल एवढ्यापासून पुढे. शीख माणसाने कृपाण धारण करणं हा त्याच्या धर्माचरणाचा भाग आहे, हे संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. देशांतर्गत विमानातही सहा इंचांपर्यंत पात्याची कृपाण चालते. मी तिथे गेलो तेव्हा एका दुकानात बराच वेळ पाती बघत उभा होतो आणि दुकानदार सरदारजी मला पोलादाबद्दल नीट सांगत होते. कृपाणीमागे तीनशे वर्षांचा इतिहास आणि लिखित हमी आहे, तिची माझ्या खिशातल्या टेप कापायच्या वस्तूशी बरोबरी होत नाही. एवढंच लक्षात आलं की पात्याचा अर्थ लावायचं काम तिथे रात्रीच्या टॉर्चवर सोडलेलं नाही, ते आधीच करून ठेवलंय.

मित्राने मला मात्र सल्ला दिला. “तुला ठेवायचाय तर लाल ठेव. काळा घेऊन फिरू नको.” हा निकष मी एकाही रिव्ह्यूत ऐकलेला नाही आणि तो सगळ्यात उपयोगी ठरला. पुण्यात एका मॉलच्या दारात काळा चाकू ट्रेमध्ये ठेवला तेव्हा गार्डने सुपरवायझरला बोलावलं, नाव-नंबर लिहून घेतला आणि तो बाहेर ठेवायला लावला. काही महिन्यांनी त्याच दारात लाल चाकू किल्ल्यांबरोबर ट्रेमध्ये टाकला, तर गार्डने उचलून, “यात कात्री पण येते का?” असं विचारून परत दिला. पात्यात फरक दीड सेंटिमीटरचा होता. बाकी फरक रंगाचा, आणि दात कोरायच्या काडीचा. ज्या वस्तूला दात कोरायची काडी आहे तिला कुणी घाबरत नाही.

गंमत म्हणजे सैन्याचा म्हणून ओळखला जातो तो लालच. स्विस सैन्याने १८९१ मध्ये सैनिकांना घडीचा चाकू द्यायला सुरुवात केली ती डबे उघडायला आणि रायफल खोलायला. कार्ल एल्झनरने १८९७ मध्ये त्याची अधिकाऱ्यांसाठीची आवृत्ती नोंदवली, तीत भर पडली बुचाच्या स्क्रूची. काळा चाकू कधी कुठल्या सैन्यात नव्हता, पण त्याच्या जाहिरातीत तसे कपडे घातलेला माणूस होता.

आता लाल माझ्या खिशात असतो. त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग पातं नाही, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आहे. लॉग तसंच सांगतो. मनाई आदेश लागू असतील तेव्हा तो घरी ठेवतो. काळा शेतातल्या खोलीत जत्रेतल्या चाकूशेजारी आहे. मित्र त्याचा पिवळा प्लास्टिकचा कटर वापरतो, पुढचं पातं बोथट झालं की मोडून टाकायचं, तो स्टेशनरीच्या दुकानातला. हेही नोंदवून ठेवतो की पातळ पात्यामुळे ठिबकच्या नळीचा सगळ्यात स्वच्छ काप माझ्या तिन्ही चाकूंपेक्षा त्या कटरने आला.

मध्यंतरी मला कळलं की स्विस कंपनीने विमानात चालावा म्हणून एक छोटा प्रकारही काढला होता, ज्यात कात्री आहे, स्क्रूड्रायव्हर आहे, पण पातं नाही. मी त्याला फोटो पाठवला, बिनपात्याचा चाकू, तुझ्यासाठीच केलाय म्हणून. त्याने हसणाऱ्या तोंडांची रांग पाठवली. मग पाच मिनिटांनी विचारलं, केवढ्याला आहे. सांगितलं. म्हणाला, तेवढ्यात कटरची वर्षभराची पाती येतात, शिवाय हा हरवला तर जीव जाईल.